ब्रेंट ईस्ट: मंडळाच्या दारातला मतदारसंघ आणि त्याच्या निवडणुका

डॉलिसहिलकर

लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला, दिवाळीला गेलेले इथे बरेच असतील. डॉलिस हिल स्टेशनला उतरायचं, ग्लॅडस्टन पार्कातून टेकाड चढायचं, पावसात साडीच्या निऱ्या नाहीतर कुर्त्याच्या बाह्या सांभाळत डॉलिस हिल लेनवर पोचायचं आणि मग आतून साबुदाणा वड्याचा वास आला की सगळं माफ. आता आपण वर्षानुवर्षं ज्या रस्त्यावर चपला काढून ठेवतोय त्या रस्त्याचा राजकीय इतिहास इतका मसालेदार असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात सर्दीने घरात अडकलो होतो, जुने निकाल चाळायला घेतले आणि तीन दिवस त्यातच गेले, बायको म्हणाली नोकरीपण यातच कर.

तर हा भाग, म्हणजे डॉलिस हिल, क्रिकलवुड, विल्सडेन ग्रीन आणि किलबर्नची ब्रेंटमधली बाजू, १९७४ ते २०१० ब्रेंट ईस्ट नावाच्या मतदारसंघात होता. त्याच्या आधी १९१८पासून बराचसा विल्सडेन ईस्टमध्ये. ब्रेंट हा बरो (म्हणजे लंडनचा एक पालिका-विभाग) १९६५ला वेम्बली आणि विल्सडेन एकत्र करून झाला म्हणून नाव बदललं. दोन्ही मतदारसंघांचा इतिहास मी एकच धरतोय, कोणाला पटत नसेल तर सांगा.

सगळे म्हणतात लेबरचा बालेकिल्ला, दगड उभा केला तरी निवडून येईल. आकडे बघितले तर तसं अजिबात नाहीये. या भागाने मोठ्या पार्टीला तोंडावर आपटायची सवय फार आधीपासून लावून घेतलीय.

पहिला किस्सा मार्च १९२३चा. इथला कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार होता हॅरी मॅलबी-डीली. माणूस धनाढ्य, जमिनींचे मोठमोठे व्यवहार करायचा आणि युद्धानंतर कपडे महागले तेव्हा स्वस्तात सूट विकायचं दुकान काढून गाजला होता. त्याने जागा खाली केली, कारण सरकारातला एक कनिष्ठ मंत्री जॉर्ज स्टॅनली १९२२ला प्रेस्टनमधून पडला होता आणि त्याला कुठूनतरी पार्लमेंटात आणायचं होतं. आपल्याकडे पडलेल्या मंत्र्याला विधान परिषदेतून आणतात ना, तसंच, फक्त इथे लोकांसमोर जावं लागतं हा घोळ. सेफ जागा, पार्सल उमेदवार, विषय संपला असं त्यांना वाटलं असणार.

पण तेव्हा चर्चा होती घरभाड्याची. १९१५पासून भाड्यावर सरकारी लगाम होता, युद्धाच्या काळात मालकांनी भाडी वाढवू नयेत म्हणून घातलेला, आणि बोनर लॉ यांचं सरकार तो सैल करणार अशी भीती लोकांना होती. विल्सडेनसारख्या उपनगरात कारकून, रेल्वेचे लोक, दुकानातले नोकर, बहुतेक सगळे भाड्याच्या घरात. मतदान झालं ३ मार्चला. स्टॅनली पडला, लिबरल पार्टीचा हारकोर्ट जॉनस्टन निवडून आला. त्याच दिवशी तिकडे मिचममध्ये खुद्द घरबांधणी खातं सांभाळणारा आरोग्यमंत्री ग्रिफिथ-बॉस्कवेन पडला, आणि तीन दिवसांनी लिव्हरपूलच्या एज हिलमध्ये अजून एक जागा गेली. एका आठवड्यात तीन.

जॉनस्टन त्या डिसेंबरची सार्वत्रिक निवडणूकही जिंकला, १९२४ला मात्र त्याच स्टॅनलीने त्याला पाडलं. मग १९४५पर्यंत कॉन्झर्व्हेटिव्ह, त्या वर्षीच्या लाटेत लेबरचा मॉरिस ऑर्बाक, १९५९ला पुन्हा कॉन्झर्व्हेटिव्ह ट्रेव्हर स्कीट आणि १९६४ला लेबरचा रेग फ्रीसन. म्हणजे चाळीसेक वर्षांत पाच वेळा पार्टी बदलली. बालेकिल्ला म्हणे.

फ्रीसनची गोष्ट आणि २००३चा मोठा धमाका पुढच्या प्रतिसादात टाकतो, आत्ता मुलाला स्विमिंगला सोडायचंय.

निवांत_नाशिककर

मस्त. रुमाल टाकून ठेवतो. मला आधी वाटलं दादाभाई नौरोजींच्या मतदारसंघावर आहे धागा.

डॉलिसहिलकर

नाही हो, दादाभाई सेंट्रल फिन्सबरीचे, १८९२ला अवघ्या ५ मतांनी आले होते. ते शहराच्या पार आत, हे वायव्येचं उपनगर, मेट्रोपोलिटन रेल्वे आल्यावर वाढलेलं. दादाभाईंवर वेगळा धागा काढा कोणीतरी.

चेन्नैचा_पाहुणा

हा जॉर्ज स्टॅनली म्हणजे आमच्याकडचा स्टॅनली तर नव्हे? मी चेन्नईत आठ वर्षं आहे, उत्तर चेन्नईत स्टॅनली मेडिकल कॉलेज आणि त्याचं प्रचंड सरकारी हॉस्पिटल आहे.

डॉलिसहिलकर

तोच तो! १९२४ ते २९ विल्सडेन ईस्टचा खासदार होता, त्यानंतर १९२९ ते ३४ मद्रासचा गव्हर्नर. मेट्टूर धरणाच्या जलाशयालाही त्याचंच नाव आहे. विल्सडेनच्या भाडेकरूंनी ज्याला १९२३ला घरी पाठवला त्याच्या नावाने तमिळनाडूत अख्खा जलाशय. आणि त्याला पाडणारा जॉनस्टन दुसऱ्या महायुद्धात चर्चिलच्या सरकारात परदेश व्यापाराचं खातं बघायचा, खाण्यापिण्याचा भारी शौकीन म्हणून प्रसिद्ध, मित्र त्याला क्रिंक्स म्हणायचे.

विल्सडेनची_वहिनी

लिहिताय छान, पण ग्रनविक राहिलं तर मी भांडणार. आमचे सासरे १९७१पासून विल्सडेनला होते, त्यांच्या तोंडून मी इतकं ऐकलंय की मलाच तिथे गेल्यासारखं वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. डॉलिस हिल स्टेशनच्या बाजूला चॅप्टर रोड आहे, तिथे ग्रनविक नावाची फोटो धुवायची फॅक्टरी होती. लोक सुट्टीवरून आले की रोल पाकिटात घालून पोस्टाने पाठवायचे आणि फोटो पोस्टाने परत यायचे. कामाला बहुतेक गुजराती बायका, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या, तिकडे बऱ्यापैकी सुखवस्तू होत्या आणि इकडे येऊन पाकिटं फोडायची. ऑगस्ट १९७६ला, ऐन सीझनमध्ये, जबरदस्तीच्या ओव्हरटाइमवरून जयाबेन देसाई बाहेर पडल्या आणि दोन वर्षांचा संप झाला. साडीवर कोट घालून थंडीत गेटवर उभ्या राहायच्या. मागणी काय तर आमची युनियन माना. मालक जॉर्ज वॉर्ड स्वतः अँग्लो-इंडियन, जन्म दिल्लीचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी आपल्याकडचीच माणसं भांडत होती असं सासरे हसून म्हणायचे. क्रिकलवुडच्या पोस्टमननी त्यांचं टपाल उचलणं बंद केलं, कारण पोस्ट बंद तर धंदा बंद. १९७७च्या मे महिन्यात शर्ली विल्यम्ससकट लेबरचे मंत्री येऊन गेटवर उभे राहिले आणि जूनपासून हजारोंनी माणसं जमायला लागली, पोलिसांशी रोज झटापट.

आणि तरी संप हरला. जुलै १९७८ला मागे घेतला. न्यायाधीश स्कारमनच्या चौकशीने कामावर परत घ्या म्हणून सांगितलं होतं, मालकाने ऐकलं नाही, हाउस ऑफ लॉर्ड्सनीही (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालयच ते) निकाल त्याच्या बाजूने दिला. शेवटी शेवटी जयाबेन वगैरे टीयूसी या युनियनांच्या महासंघाच्या मुख्यालयाबाहेरच उपोषणाला बसल्या, म्हणजे मालकाविरुद्ध सुरू झालेलं आपल्याच लोकांविरुद्ध येऊन थांबलं.

हे सगळं ब्रेंट ईस्टमध्ये घडत होतं आणि तिथला खासदार लेबरचा मंत्री होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

डॉलिसहिलकर

वहिनी, भांडायची गरज नाही, माझ्याहून चांगलं लिहिलंत. आणि तो मंत्री म्हणजेच फ्रीसन.

रेग फ्रीसन अनाथाश्रमात वाढलेला ज्यू मुलगा, विल्सडेन कौन्सिलचा पुढारी, १९६४पासून खासदार आणि १९७४ ते ७९ घरबांधणी मंत्री. डाव्या विचारांचाच, पण जुन्या वळणाचा, काम करणारा माणूस. १९७९ला मॅगी थॅचर आल्या आणि लेबरमध्ये आपसात जुंपली. तरुण डाव्यांना हे जुने लोक नको होते. त्यांचा हिरो केन लिव्हिंगस्टन, जो १९८१पासून ग्रेटर लंडन कौन्सिलचा प्रमुख होता, बस-ट्यूबची भाडी कमी करणारा, पार्लमेंटच्या समोर नदीपलीकडे कौंटी हॉलवर बेरोजगारांचे आकडे लावून थॅचरबाईंना डिवचणारा. त्याने ब्रेंट ईस्टवर डोळा ठेवला.

१९८३लाच तिकीट कापायचं ठरत होतं पण थॅचरनी जूनमध्ये निवडणूक लावली आणि वेळच उरला नाही, फ्रीसन वाचला. १९८५ला मात्र स्थानिक पार्टीने त्याला बाजूला करून केनला उमेदवारी दिली. तेवीस वर्षं इथला खासदार असलेला माणूस १९८७ला असा गेला. मला खरं सांगायचं तर फ्रीसनबद्दल वाईट वाटतं. केन मला आवडतो, त्याचं राजकारण चटपटीत होतं, पण ज्याने आयुष्यभर विल्सडेनची घरं आणि गटारं बघितली त्याला हिरो पाहिजे म्हणून काढायचं हे काही पटत नाही. असो.

आणि मतदारांनाही ते फार रुचलं नसावं, कारण १९८७ला केन आला तो फक्त १,६५३ मतांनी. पेपरवाले तेव्हा ब्रेंट कौन्सिलला आणि केनला एकत्रच वेड्या डाव्यांच्या यादीत टाकून रोज झोडपत होते त्याचाही परिणाम होताच. शेजारच्या ब्रेंट साउथमधून त्याच वर्षी पॉल बोटेंग आले, पार्लमेंटमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय खासदारांच्या तुकडीतले.

पुढे केनचं मताधिक्य वाढत गेलं, १९९२ला ५,९७१ आणि १९९७च्या ब्लेअर लाटेत १५,८८२. किलबर्नला आयरिश लोक प्रचंड, आणि केनने १९८३लाच आयरिश रिपब्लिकन नेता जेरी अ‍ॅडम्सला लंडनला बोलावून अंगावर वादळ घेतलं होतं, तिकडे त्याला त्याची किंमत नव्हे तर फायदाच झाला असणार असं आपलं माझं मत.

मग २०००. लंडनला महापौर थेट निवडायचा होता, ब्लेअरना केन नको होता, मतांची तिरकी पद्धत लावून फ्रँक डॉब्सनला उमेदवारी दिली. केन अपक्ष उभा राहिला आणि जिंकला. पार्टीने हाकलला. म्हणजे मे २००० ते २००१ची निवडणूक एवढा काळ ब्रेंट ईस्टचा खासदार अपक्ष होता आणि तोच लंडनचा महापौरपण. सेफ लेबर जागा!

आकडेमोड्या

माझा एक छंद इथे कामी येतोय. या जागेवर कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीने कोणाला पाडायला, आय मीन पडायला, उभं केलं ते बघा.

१९९२ला डेमियन ग्रीन. पुढे टेरेसा मेंच्या सरकारात जवळजवळ उपपंतप्रधान.
१९९७ला मार्क फ्रँक्वा. पुढे संरक्षण खात्यात मंत्री, ब्रेक्झिटच्या वेळी टीव्हीवर कायम तावातावाने बोलणारा.
२००१ला डेव्हिड गॉक. पुढे न्यायमंत्री.
२००५ला क्वासी क्वार्टेंग. तिसरा आला. पुढे २०२२ला अर्थमंत्री, ३८ दिवस, पौंडाची काय अवस्था केली ते सगळ्यांना आठवत असेल, माझं मॉर्गेज तेव्हाच रिन्यू होत होतं, मला तर फारच आठवतं.

म्हणजे ब्रेंट ईस्ट ही त्या पार्टीची उमेदवारी-शाळा होती. नवीन पोराला हरायला पाठवायचं, पडला तरी कोणी विचारत नाही, दार ठोठवायची सवय होते, पुढच्या वेळी कुठेतरी सेफ जागा. आपल्याकडे बारामतीत विरोधी उमेदवार उभा करतात त्यातला प्रकार.

बंड्या_पुणेकर

क्वार्टेंगची ३८ दिवसांची कारकीर्द म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा कमी. बाकी बारामतीचं उदाहरण आता जुनं झालं काका, अपडेट करा.

आकडेमोड्या

बारामतीवर इथे चर्चा नको, धागा उडेल.

डॉलिसहिलकर

आकडेमोड्या, हे चौघे मी एकत्र लावून बघितलेच नव्हते, जबरी.

तर आता २००३. केन गेल्यावर २००१ला लेबरने पॉल डेझली उभा केला, ब्रेंट कौन्सिलचा प्रमुख राहिलेला, स्थानिक, कामाचा माणूस. १३,०४७ मतांनी आला. पण निवडून आल्याबरोबर कॅन्सर निघाला, पार्लमेंटात त्याला जवळजवळ जाताच आलं नाही आणि जून २००३ला पंचेचाळिसाव्या वर्षी गेला.

तो उन्हाळा आठवा. मार्चमध्ये इराक युद्ध सुरू झालेलं, शस्त्रं काही सापडत नव्हती, जुलैमध्ये सरकारचे शस्त्रतज्ज्ञ डॉ. डेव्हिड केली यांचा मृत्यू, ऑगस्टमध्ये त्या मृत्यूच्या हटन चौकशीत रोज नवीन कागद बाहेर. अशात १८ सप्टेंबरला पोटनिवडणूक लागली. एकूण १६ उमेदवार. लेबरचा रॉबर्ट इव्हान्स, जो युरोपियन पार्लमेंटचा सदस्य होता. कॉन्झर्व्हेटिव्हच्या उमा फर्नांडिस, पेशाने नर्स आणि इथल्या नगरसेविका. आणि लिबरल डेमोक्रॅटची सारा टेदर, वय २९.

लिब डेम इथे २००१ला तिसऱ्या नंबरवर होते, १०.६ टक्के. पण पोटनिवडणूक म्हणजे त्यांचा घरचा खेळ. क्रिस रेनर्ड नावाचा त्यांचा निवडणूक-वस्ताद, त्याची पद्धत ठरलेली, देशभरातून कार्यकर्ते आणायचे, रोज एक पत्रक, प्रत्येक पत्रकावर उभ्या पट्ट्यांचा आलेख आणि खाली लिहिलेलं की इथे आमच्यात आणि लेबरमध्येच लढत आहे, बाकीच्यांना मत म्हणजे वाया. मी तेव्हा इथे नव्हतो पण माझी जुनी घरमालकीण, क्रिकलवुडची आयरिश आजी, सांगायची की त्या सप्टेंबरात दाराखालून इतकी पत्रकं आली की तिने पावसात भिजलेले बूट त्यात गुंडाळून वाळवले.

निकाल: टेदर ८,१५८, इव्हान्स ७,०४०, फर्नांडिस ३,३६८. फरक १,११८चा. बाकी तेराच्या तेरा जणांची अनामत जप्त. लेबरने पोटनिवडणुकीत जागा गमावल्याची ही १९८८च्या ग्लासगो गव्हननंतरची पहिलीच वेळ. टेदर सभागृहातली सगळ्यात लहान खासदार झाली. गंमत म्हणजे हा मतदारसंघ १९७४चा आणि तीही १९७४चीच.

आणि कॉन्झर्व्हेटिव्हचं काय? ते दुसऱ्यावरून तिसऱ्यावर घसरले. सरकार इतकं बदनाम असताना विरोधी पक्ष तिसरा! त्यांचा नेता इयन डंकन स्मिथ, त्याच्या खुर्चीखालचा आणखी एक पाया इथे हलला आणि २९ ऑक्टोबरला त्याच्याच खासदारांनी त्याला काढला.

सोलापुरी_चादर

ते स्विंग स्विंग म्हणतात ते नक्की काय असतं? बातम्यांमध्ये २९ टक्के स्विंग असं वाचल्याचं आठवतंय. १०.६चे ३९ झाले तर ते २८ झालं ना, २९ कुठून आलं?

आकडेमोड्या

चांगला प्रश्न. स्विंग म्हणजे एकाची वाढ आणि दुसऱ्याची घट यांची सरासरी. लिब डेम १०.६वरून ३९.१, म्हणजे २८.५ची वाढ. लेबर ६३.२वरून ३३.८, म्हणजे २९.४ची घट. दोन्हींची बेरीज ५७.९, भागिले दोन, झाले २८.९५. गोळाबेरीज २९.

पण मला धागाकर्त्यांशी थोडं भांडायचंय. टक्क्यांनी फसगत होते, मतं मोजा. २००१ला लेबरला १८,३२५ मतं होती, २००३ला ७,०४०. म्हणजे ११ हजारांवर मतं गळली. लिब डेमची वाढली किती? साधारण ३ हजारांवरून ८,१५८, म्हणजे ५ हजार. मग उरलेली ६ हजार कुठे गेली? मतदान झालं ३६ टक्के. ती घरी बसली! म्हणजे लोकांनी टेदरबाईंना डोक्यावर वगैरे घेतलं नाही, लेबरचा मतदार रुसून सोफ्यावर बसला आणि बाईंची लॉटरी लागली. तुम्ही १९२३च्या शेजारी २००३ ठेवून या भागाच्या बंडखोर स्वभावाची माळ ओवताय ती मला जरा ओढूनताणून वाटते.

विल्सडेनची_वहिनी

आकडेमोड्या, रुसून घरी बसणं हेपण मतच असतं. आमचे सासरे त्या दिवशी घरी बसले होते, तब्येत ठणठणीत, मतदान केंद्र पाच मिनिटांवर. आयुष्यभर लेबर. दुसऱ्या कोणाला मत द्यायला हात उठत नव्हता आणि ब्लेअरना द्यायचं नव्हतं. ग्रनविकच्या वेळी जसे आपल्याच लोकांनी तोंड फिरवलं तसं हे दुसऱ्यांदा, असं म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम बागेतली हिरवळ कापली.

डॉलिसहिलकर

आकडेमोड्या, पोटनिवडणुकीपुरतं तुमचं मान्य. पण मग २००५ कसं समजावणार? सार्वत्रिक निवडणूक, मतदान जास्त, लेबरने यास्मिन कुरेशीसारखी वकील, तगडी उमेदवार दिली जी पुढे बोल्टनहून खासदार झाली. तरी टेदर १४,७६४ आणि कुरेशी १२,०५२. फरक वाढून २,७१२ झाला. पोटनिवडणुकीत जिंकलेल्या जागा पुढच्या सार्वत्रिकला सहसा परत जातात, पाहुणा आला आणि गेला. ही गेली नाही. सोफ्यावर बसलेले उठले आणि त्यातले बरेच तिच्याकडे गेले असंच म्हणावं लागेल.

१९२३लाही अगदी हेच, मार्चला जिंकलेला जॉनस्टन डिसेंबरला टिकला. ओढूनताणून असेल, पण ऐंशी वर्षांच्या अंतराने त्याच गल्ल्यांमध्ये त्याच पार्टीच्या वारसदाराला पोटनिवडणुकीत उचलायचं आणि पुढच्याच परीक्षेत पुन्हा पास करायचं, मला तरी हे मजेशीर वाटतं. रक्तात वगैरे आहे असं मी म्हणत नाही, १९२३चे भाडेकरू आणि २००३चे भाडेकरू यांचा संबंध शून्य. तेव्हाचे इंग्लिश कारकून, आत्ताचे आयरिश, जमैकन, गुजराती, सोमाली, ब्राझीलियन. समान गोष्ट एकच, बहुतेक लोक भाड्याने राहणारे, सतत ये-जा करणारे. अशा ठिकाणी पार्टीची निष्ठा बापाकडून मुलाकडे तितकी उतरत नाही. खाणकामगारांच्या गावात उतरते.

आकडेमोड्या

२००५चा मुद्दा चोख आहे, माघार घेतो. अर्धी.

माहेरवाशीण

मग हा मतदारसंघ गेला कुठे? मी २०१५ला विल्सडेन ग्रीनला राहायला आले तेव्हा पत्रावर ब्रेंट सेंट्रल होतं. आणि आता परत ब्रेंट ईस्टच म्हणतात की. मी वेडी की सरकार?

डॉलिसहिलकर

सरकार. म्हणजे सीमा ठरवणारा आयोग. ब्रेंटला तीन पूर्ण जागा द्यायला लोकसंख्या कमी पडत होती म्हणून २०१०ला ब्रेंट ईस्ट आणि ब्रेंट साउथ यांचा लगदा करून ब्रेंट सेंट्रल केला आणि किलबर्न-क्वीन्स पार्कचा तुकडा कॅम्डेनला जोडून हॅम्पस्टेड अँड किलबर्न केला. (त्या नव्या जागेवर २०१०ला ग्लेंडा जॅक्सन ४२ मतांनी आल्या. ४२! तिघांमध्ये अशी चुरस की काही विचारू नका.)

ब्रेंट सेंट्रलला मग दोन विद्यमान खासदारांचीच कुस्ती लागली, ईस्टच्या सारा टेदर आणि साउथच्या डॉन बटलर. सगळे म्हणत होते बटलर सहज घेणार. टेदर १,३४५ मतांनी जिंकल्या.

पण पुढे घर फिरलं की वासेही फिरतात तसं झालं. लिब डेम कॉन्झर्व्हेटिव्हसोबत सरकारात गेले, टेदर बालक-कुटुंब खात्याच्या मंत्री झाल्या, २०१२ला मंत्रिपद गेलं, आणि २०१५ला त्या उभ्याच राहिल्या नाहीत, नंतर निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थेत गेल्या. २०१५ला डॉन बटलर १९,६४९ मतांनी परत. इराकवरून लेबरवर रुसून ज्यांच्याकडे गेलो तेच टोरींबरोबर मांडीला मांडी लावून बसले म्हटल्यावर मतदार काय करणार.

२०२४ला परत सीमा बदलल्या आणि ब्रेंट ईस्ट हे नाव परत आलं. पण हा जुना ब्रेंट ईस्ट नाही. आता त्यात हार्ल्सडन, स्टोनब्रिज आहे जे पूर्वी ब्रेंट साउथचं होतं, आणि किलबर्न नाही, ते क्वीन्स पार्क अँड माइडा व्हेलमध्ये गेलं. खासदार डॉन बटलरच. त्यामुळे जुन्या आणि नव्या ब्रेंट ईस्टचे आकडे शेजारी ठेवून कोणी तुलना केली तर त्याला हा धागा दाखवा.

निवांत_नाशिककर

म्हणजे मंडळ जागचं हललं नाही पण विल्सडेन ईस्ट, ब्रेंट ईस्ट, ब्रेंट सेंट्रल, पुन्हा ब्रेंट ईस्ट, असं त्या जागेचं चार वेळा बारसं झालं. घुगऱ्या कोणी वाटल्या की नाही?

माहेरवाशीण

एक बाळबोध प्रश्न. मी अजून इंडियन पासपोर्टवर आहे. मला इथे मत देता येतं? ऑफिसातला एक जण म्हणाला येत नाही.

आकडेमोड्या

त्याला सांगा येतं. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक असाल आणि इथे राहायची कायदेशीर परवानगी असेल तर पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येतं. आयरिश लोकांनाही. त्यामुळेच तर किलबर्न-विल्सडेनसारख्या भागात नवीन आलेल्या माणसाचं मतही पहिल्या दिवसापासून मोजलं जातं, नागरिकत्व मिळेपर्यंत थांबावं लागत नाही. मी वर्क व्हिसावर असतानाच २०१०ला पहिलं मत टाकलं. पुण्यात यादीत नाव असून कधी टाकता आलं नव्हतं, दर वेळी मी नेमका इकडे.

फक्त आधी नाव नोंदवा, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे. आणि २०२३पासून केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं.

माहेरवाशीण

अरे वा. ओळखपत्र म्हणून इंडियन पासपोर्ट चालेल का? माझा संपत आलाय, रिन्यूला टाकायचा आळस.

आकडेमोड्या

चालतो, कॉमनवेल्थचे पासपोर्ट यादीत आहेत. मुदत संपलेलाही चालतो, फक्त फोटोतले तुम्ही अजून तुमच्यासारखे दिसायला हवेत.

बंड्या_पुणेकर

मग माझं अवघड आहे. फोटोत केस आहेत.